टोपीखालचं सुतक

कांदिवली, ८ जानेवारी

ती. नंदाताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण, माझ्यावर झालेला घोर अन्याय. दादांच्या उजेडाच्या टोपीला गिझरचाच प्लग लागतो. परिणामी एक करदाता नागरिक ऐन थंडीत गार पाण्याने आंघोळ करतोय आणि समाज गप्प आहे. फोनवर बोलता येत नाही, एका खोलीत दादांना सगळं ऐकू जातं.

विसरण्याच्या आजारावर त्यांच्या रक्तात नव्या औषधाचे बारीक कण सोडलेत. मेंदूतल्या पहारेकरी पेशी म्हणे पिसाळून घरच्यांनाच चावत सुटल्यात. त्या हे कण गिळतात, वरून टोपीचा लाल उजेड पडला की औषध जागं होतं आणि पहारेकरी निवळतात. आपल्या सोसायटीच्या वॉचमनवरही करून बघावं. पण उजेड आत जायला डोकं तुळतुळीत लागतं, आणि तिथेच वाट लागली.

दादा आरशात बघतात आणि विचारतात, आये कधी गेली, माका कोणी सांगूक कसा नाय. आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली; त्यांच्यासाठी ती रोज जाते. मग ते जमिनीवर झोपतात, सुतकात टोपी कसली म्हणून मशीन लावू देत नाहीत. आरसा झाकला, तर डोक्यावर हात फिरवून कळतं. डॉक्टर मानसी म्हणाल्या, असे खाडे झाले तर औषधाच्या चाचणीतून नाव जाईल. दुसरं औषध उरलेलं नाही. मला काही वाटेनासंच झालंय, ताई. ते आजीचं विचारत असतात, मी टॉवेल वाळत घालतो.

बंद करू का, कळव.

तुझ्या मायेवर टिकून असलेला,
सुबोध

मुलुंड, १३ जानेवारी

चि. सुबोध यास,
अनेक आशीर्वाद.

नव्या गुडघ्याला जिना मनाई आहे, नाहीतर येऊन कान धरला असता. बंद करायचं नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी फोनवर मला नंदा म्हटलं. वर्षभर मी नर्सबाई होते रे. मला ते पुन्हा ऐकायचंय.

तूही डोकं भादरून घे. राखण्यासारखं तिथे उरलंय काय? दोघं चकोट दिसले की त्यांना वाटेल, फॅशन आहे.

माया आहेच, ती काय लिहायची.
नंदा

कांदिवली, २१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

हुकुमाप्रमाणे केलं. सलूनमधल्या प्रितमने विचारलं, कोण गेलं. म्हटलं, अजून कोणी नाही.

घरी आलो. दादांनी माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. मुलगा मुंडण करून दारात उभा म्हणजे बाप गेला, एवढं त्यांना अजून कळतं. शांतपणे विचारलं, म्हणजे मी गेलंय काय रे. मी हो म्हटलं.

त्यांना हायसं वाटलं, ताई. मेलेल्याला कसलं सुतक! टोपी घालून शहाण्यासारखे बसले. आता रोज सकाळी मला बघून नव्याने कळतं आणि रोज तितकंच बरं वाटतं. खाडा नाही. डॉक्टर मानसींनी नोंद केली, रुग्ण सहकार्य करतो.

काल उजेड चालू असताना सहज विचारलं, काही इच्छा राहिली का. म्हणाले, तिरफळ घातलेला बांगड्याचा तिखला, नंदाच्या हातचा. हो, नंदाच म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं.

तुला जिना मनाई. म्हणून बांगडे मीच आणले, तुझ्या नावावर रांधले. मीठ जरा पुढे गेलं. दादांनी ताट पुसून खाल्लं. कावळ्याची वाट बघावी लागली नाही.

सुबोध