शेरा क्रमांक चार

ब्वेनोस आयरेस
रविवार, दुपार

प्रिय सुलेमा,

फोनवर बोलायची हिंमत नाही म्हणून लिहिते आहे, हे आधीच कबूल करते. गेल्या दोन महिन्यांत तू सात वेळा फोन केलास. मी दोनदाच घेतला, आणि दोन्ही वेळा मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवून दिला. मीटिंग नव्हती. एकदा मी कांदा चिरत होते आणि एकदा नुसतीच बसले होते. तू मला ‘सरकार’ म्हणतेस, ‘काय सरकार, गरिबांसाठी वेळ आहे का?’ म्हणून चिडवतेस, ते पूर्वी मला आवडायचं. मनातल्या मनात जरा फुशारकीही वाटायची. आता फोनवर तुझं नाव दिसलं की तो वाजायचा थांबेपर्यंत मी दुसऱ्या खोलीत जाते.

आयलेनच्या दाताचं काय केलंत? शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो पाठवलास, त्यात ती ओठ घट्ट मिटून हसते आहे. नऊ वर्षांच्या पोरीने असं हसावं हे मला बघवलं नाही, मी फोन पालथा ठेवला. तुमच्या ग्वालेग्वायच्या चर्चमध्ये तिला हातांवर घेऊन मी उभी होते. पाद्री बोलत होते आणि ती माझ्या ब्लाउजचं बटण तोंडात घालायला बघत होती. तिची धर्ममाता व्हायला तू मला विचारलंस तेव्हा माझ्या बहिणी म्हणाल्या होत्या की सुलेमाला राजधानीतली नोकरदार मैत्रीण मिरवायची आहे. मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

तुझ्या घरातले तिच्या आजाराचे ते सुरुवातीचे दिवस मला आठवतात. दिवसाला अकरा-अकरा आकड्या, आणि मधल्या वेळात औषधांच्या गुंगीत भिंतीकडे बघत बसलेली पोर. मग त्या डॉक्टरीणबाईंनी गांजाचं तेल लिहून दिलं, तू घरी लावायचा परवाना काढलास, अंगणात लिंबाच्या आडोशाला तीन झाडं लावलीस. कुठून कुठून शिकून घेतलंस सगळं एकटीने! आकड्या महिन्याला एकीवर आल्या. एका संध्याकाळी तुझा फोन आला, तू रडत होतीस, आणि म्हणालीस, ‘नेलिदा, कार्टी गप्पच बसत नाही गं! सकाळपासून प्रश्न विचारून डोकं खाल्लंय माझं!’ त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना सांगत सुटले होते. ज्या कचेरीतून हे परवाने निघतात तिथेच मी बसते याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

जुलैत मी तुझ्याकडे आले होते. तू तोर्ता फ्रिताच्या पुऱ्या तळत होतीस. पहिला घाणा माझ्या ताटलीत घातलास आणि कढईकडे बघतच म्हणालीस, ‘आमचा नूतनीकरणाचा अर्ज मार्चपासून पडलाय. ऑगस्टमध्ये जुना परवाना संपतो. मंजूर कर म्हणत नाही मी, कुठे अडकलाय तेवढं बघशील का?’ त्यावर मी काय भाषण दिलं ते तुला पाठ असेल. तीस वर्षांत मी कुणाची फाइल वर केलेली नाही, सख्ख्या आईच्या पेन्शनचीसुद्धा. रांग म्हणजे रांग. तू ‘बरं बाई, चुकलं माझं’ म्हणालीस आणि मला आणखी दोन वाढल्यास. परत येताना बसमध्ये मी स्वतःवर खूश होते.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. परवाना संपला, नवा आला नाही, ऑक्टोबरात कुणीतरी तक्रार केली आणि पोलिसांनी तिन्ही झाडं मुळासकट उपटून गाडीत टाकली. सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती, असं तू सांगितलंस. उरलेलं तेल तू पाच थेंबांवरून तीनवर आणलंस. नोव्हेंबरात तू वकीलबाईंना गाठून कोर्टात तातडीचा अर्ज केलास की सरकार उत्तरच देत नाही, तेव्हा कोर्टाने द्यायला लावावं. मला तू म्हणालीस, ‘तुझ्याविरुद्ध नाही हं सरकार, त्या दुसऱ्या सरकारविरुद्ध.’ आपण दोघी हसलो होतो.

आता तुला माहीत नाही ते सांगते. कोर्टाची नोटीस आली की आमच्या कचेरीला दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘होय, आम्हाला उशीर झाला’ असं उत्तर कुणी देत नाही. त्याऐवजी फाइलीवर शेरा मारतात. शेरा पडला की दिरंगाई कचेरीची राहत नाही, अर्जदाराची होते, आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. संगणकावर नऊ शेऱ्यांची यादीच आहे. त्यातला चौथा, ‘ओळखपत्राची छायाप्रत अस्पष्ट’, आमच्याकडे सगळ्यांचा लाडका, कारण अस्पष्ट कशाला म्हणायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. नोव्हेंबरात आमचे साहेब, बेर्मुदेस, त्रेसष्ट फाइलींची यादी घेऊन माझ्या टेबलाशी आले. सगळे कोर्टात गेलेले लोक. ‘प्रत्येकीत काही ना काही सापडेलच,’ ते म्हणाले, ‘तुमची नजर तयार आहे.’

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस जणांना मी चौथा लावला. तुझी फाइल छत्तिसावी होती. मी ती न बघता पुढे ढकलली असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी ती उघडली. आयलेनच्या ओळखपत्राची प्रत पडद्यावर मोठी करून पाहिली. आकडे स्वच्छ, नाव स्वच्छ. फोटोतली तिची वाकडी कापलेली बट मीच कापलेली होती, ती एकेक केस दिसेल इतकी स्पष्ट होती. माझा हात थांबलेला बघून शेजारच्या टेबलावरची इरुपे ‘माते’ चहाचा पेला पुढे करत म्हणाली, ‘काय गं, ओळखीचे निघाले का? मग ही मला दे, मी बघते.’ चांगल्या मनाने म्हणाली ती. आणि मी म्हणाले, ‘नाही, कुणी ओळखीचं नाही.’ आणि चौथा लावला.

का, असं विचारशील. भीतीने नाही, साहेबांनी मला खाल्लं नसतं. मला वाटलं, ही एक फाइल सोडली तर उद्या लोक म्हणतील, नेलिदालाही माणसं आहेत की! तीस वर्षं मिरवलेला माझा चोखपणा जाईल. तुला रांग शिकवणारी मी, चाळीस लोकांना रांगेतून ढकलून देताना मला काहीच वाटलं नाही, आणि तुला वगळलं असतं तर मात्र तो अन्याय वाटला असता. हे लिहितानाही मला किळस येते. मी स्वतःला प्रामाणिक समजत होते गं.

डिसेंबरात न्यायाधीशांनी तुला सांगितलं, आधी त्रुटी दूर करा, मग या. तू मला फोन केलास. रागावून नव्हे, सल्ला विचारायला! ‘प्रत अस्पष्ट म्हणतात, मला तर नीट दिसते. आणखी स्पष्ट कशी काढायची गं?’ त्या क्षणी मी सांगू शकले असते. त्याऐवजी मी म्हणाले, तुमच्याकडचं मशीन जुनं असेल, पारानाला जा, तिथे मोठ्या दुकानात चांगली निघते. आणि तू गेलीस, जानेवारीच्या उन्हात, पोरीला घेऊन, कारण तिला सांभाळायला कुणी नव्हतं. येताना बसमध्ये तिला आकडी आली आणि पुढच्या सीटच्या दांडीवर तिचं तोंड आपटलं. दवाखान्यातून तू मला फोन केलास. म्हणालीस, ‘माझंच चुकलं, मी मेलीने पहिल्यांदा स्वस्तातलं दुकान गाठलं.’ आणि मी म्हणाले, ‘असू दे, होतं असं.’ सुलेमा, मी तुला माफ केलं. मी!

शुक्रवारी बेर्मुदेस पुन्हा टेबलाशी आले. डिसेंबरच्या त्या निकालाविरुद्ध तू केलेल्या अपिलाची सुनावणी गुरुवारी पारानाला आहे, तिथे सरकारी वकील एक कागद दाखल करणार आहेत: शेरा नियमानुसार आणि कागदपत्रं तपासून मारला होता. खाली सही ज्याने मारला त्याची. ‘तुमची सही असली की कुणी बोट ठेवत नाही,’ असं म्हणून त्यांनी कागद ठेवला. सोमवारी सकाळी तो परत हवा आहे. तो आत्ता माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर आहे.

मी तो सही न करताच परत देणार आहे. आणि हे पत्र, खरं सांगायचं तर, तुझ्याइतकंच तुझ्या वकीलबाईंसाठी आहे. उद्या कचेरीत जायच्या आधी नोटरीसमोर याच्या प्रत्येक पानावर सही करीन आणि रात्री आठच्या बसने पाठवीन, मंगळवारी तुझ्या हातात पडेल. मागच्या पानावर त्या एकेचाळीस फाइलींचे नंबर आहेत, त्या लोकांनाही कुणीतरी सांगायला हवं. वाचून झालं की जसंच्या तसं कोर्टात दे. मला लाज वाटेल म्हणून इरुपेचं किंवा पारानाच्या दुकानाचं वाक्य झाकू नकोस, तू झाकशील, मी तुला ओळखते. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे. माफी मागत नाही. मागायची तर आयलेनला समोर बसवून मागावी लागेल, आणि ती प्रश्न विचारणारी पोर आहे. तिने ‘का?’ म्हणून विचारलं तर तिला सांगता येईल असं उत्तर माझ्याजवळ नाही. न्यायाधीशांनी विचारलं की ही बाई अर्जदाराची कोण, तर ते मात्र मी इथेच लिहून देते, म्हणजे तुला बोलावं लागणार नाही.

अर्जदार मुलीची धर्ममाता, तिच्या आईची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि शेरा मारणारी,
नेलिदा इसाबेल ऑर्तिगोसा
नोंदणी कचेरी, टेबल सहा