धुनेचा तिसरा भाग

गुरुवार, ११ सप्टेंबर

खुर्च्या आल्या. दोनशे चाळीस, सगळ्या गादीच्या. सहांचे पाय डगडगत होते, परत पाठवल्या. टेबलं चाळीस. कापडं इस्त्री होऊन आली.

उद्यापासून तीन दिवस महोत्सव. माईक नाही, वीज लागणारं एकही वाद्य नाही, जुनी लोकगाणी — आणि जाहिरातीत लिहिलंय तसं, 'निवांत, आरामशीर भोजन'. निवांत म्हणजे मी! जेवणाची सगळी व्यवस्था माझ्याकडे, यंदा सातवं वर्ष. येणारी माणसं पन्नाशीच्या पुढची, पाठ धरलेली. गवतावर सतरंजी टाकून गाणं ऐकायचे दिवस गेले त्यांचे. पाठीला टेकू हवा, सूप गरम हवं आणि वाढणाऱ्याच्या पावलांचा आवाज नको. म्हणून माझी वाढपी मंडळी कापडी बुटांत.

आचारी म्हणाला, "ताई, या वर्षी नसता आलात तरी चाललं असतं."

"मग टेबलं कोण मांडणार?"

तो कांदे चिरायला लागला. सगळेच गप्प बसतात माझ्यापुढे.

नवरा जाऊन उद्या अकरा महिने. 'जाऊन' असं लिहिलं की वाटतं मेला. माहीत नाही. सकाळी दाढी केली, फोन टेबलावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि गेला. पोलिसांनी दोनदा बोलावून घेतलं, चादर उचलून दाखवली. दोन्ही वेळा तो नव्हता. दुसऱ्या वेळी बाहेर येऊन मी चहा प्यायले आणि कामावर गेले. तेव्हापासून हे असं. दातवाल्याने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही ना — तसं. सगळंच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर — सकाळी

आईंनी निघताना विचारलं, "म्हशीवरची धूळ पुसलीस का?" आई म्हणजे त्याची आई. एकोणऐंशी वर्षांच्या, माझ्याजवळच राहतात. म्हैस म्हणजे त्याचा डबल बास — माणसापेक्षा उंच वाद्य, घरातल्या बोळात उभं असतं. येताजाता मला खांदा लागतो त्याचा.

पुसली म्हटलं. खरंच पुसली होती. कामं सगळी होतात माझी. तक्रार कुठेच नाही.

शुक्रवार — संध्याकाळी, चहाच्या सुट्टीत

हात स्थिर आहे. लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

आज शेवटी भाऊजी बसले. भाऊजी त्याचे मित्र, नात्यातले कोणी नाहीत. मँडोलिन वाजवतात. गेल्या वर्षीपर्यंत दोघांची जोडी होती, लोक 'उंट आणि शेळी' म्हणायचे. यंदा नुसती शेळी. भाऊजी म्हणाले, "ही धून माझ्या मित्राची. दोनच भाग झालेत, पुढे सुचलं नाही त्याला. लोकांपुढे आजच पहिल्यांदा वाजवतोय."

खरं आहे. ही धून घराबाहेर कोणी ऐकलेली नाही. दोन वर्षं तो बोळात बसून तेवढंच घोळवत होता. दुसरा भाग संपला की थांबायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. मी कपडे वाळत घालता घालता ऐकायचे. कान किटले होते!

मी चौदा नंबरच्या टेबलावर सूप देत होते. तिथे एक जनावरांचे डॉक्टर आहेत, एकटेच आलेत. डोळे मिटून बारीक गुणगुणत होते. धुनेबरोबर नाही — धुनेच्या थोडं पुढे! ऐकलेलं गाणं माणूस गुणगुणतो तसं. वाटलं, भास असेल. मग भाऊजींचा दुसरा भाग संपला आणि ते थांबले. डॉक्टर थांबले नाहीत. आणखी एक भाग गुणगुणले. खाली उतरत जाणारा, साधा, आणि इतका बरोबर बसणारा की तो आधीपासून तिथेच होता असं वाटलं.

टाळ्या. मी सूपचं भांडं खाली ठेवलं.

"काय गुणगुणत होता?"

"अरे! आवाज झाला का? माफ करा हं."

"तसं नाही. तो शेवटचा भाग."

"हां, तो. यांनी वाजवलाच नाही! मला वाटलं, विसरले बिचारे."

"तुम्ही कुठे ऐकलात?"

"गोठ्यात," हसले. "डोंगरापलीकडे एक मोठा गोठा आहे, महिन्यातून एकदा जातो मी. तिथे एक माणूस आहे धारा काढायला. शीळ घालतो हीच. गायी अशा उभ्या राहतात ऐकत की मला इंजेक्शन टोचायला सोपं जातं."

मी विचारलं, त्याच्या डाव्या कानाच्या पाळीला चीर आहे का. (तार तुटून लागली होती. तीन टाके.)

"आहे की! ओळखता?"

"ओळखत होते."

मग मी विचारलं, केकवर साय घालू का? ते हो म्हणाले. घातली.

शनिवार, १३ सप्टेंबर

दुपारचं जेवण दोन पाळ्यांत झालं. मासे कमी पडले, भाजलेल्या भाज्यांवर निभावलं. एक बाई रुसल्या — त्यांच्या टेबलावरून सारंगीवाल्याची बोटं दिसत नव्हती. टेबल फिरवून दिलं.

डॉक्टरांनी गोठ्याचा फोन नंबर लिहून दिलाय. ॲप्रनच्या खिशात आहे. विचारलं मी त्यांना, "कसा दिसतो तो?"

"बरा दिसतो. आनंदी म्हणता येणार नाही... निवांत. आला तेव्हा फार वाळलेला होता म्हणे. कोणाशी बोलत नाही फारसा, गायींशी बोलतो."

गायींशी बोलतो!

म्हणजे जिवंत आहे. हे वाक्य मी सकाळपासून मनात दहा वेळा म्हणून पाहिलं. आनंद व्हायला हवा. राग तरी. चमचे मोजले, काटे मोजले, सगळे बरोबर होते.

चार वाजता भाऊजी भटारखान्याच्या दाराशी आले. मँडोलिन कुशीत धरलेली, थंडी वाजत असल्यासारखी.

"वहिनी, एक सांगायचंय. वर्ष होत आलं, जीभ रेटत नव्हती."

"सांगा."

"तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी बोललो त्याला. चारचौघांत बोललो. म्हटलं, दोन वर्षं एक धून पुरी होत नाही तुझ्याच्याने, तुझ्यात काही उरलंच नाहीये. हसले सगळे. तोही हसला. आणि दुसऱ्या दिवशी..." मँडोलिनची खुंटी उगाचच पिळली त्यांनी. "पोलीस त्याला शोधायला नदीत गळ टाकत होते तेव्हा मी काठावर उभा होतो. मीच ढकललं त्याला, असं वाटत होतं."

एका वाक्यात सुटका करता आली असती त्यांची. खिशात कागद होता! मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही काही खाल्लं नाहीत." त्यांना सूप दिलं.

का नाही सांगितलं? अजून कळत नाही. एवढंच वाटलं की हा कागद बाहेर काढला की तो सगळ्यांचा होईल. एक दिवस तरी माझा असू दे.

दुष्टपणाच की.

रविवार, १४ सप्टेंबर

संपला महोत्सव. शेवटच्या बैठकीत भाऊजींनी पुन्हा तीच धून घेतली. दुसऱ्या भागाशी थांबले, मान खाली. लोकांच्या डोळ्यांत पाणी. सात नंबरवरच्या आजोबांनी माझ्या हातातल्या रुमालांच्या गठ्ठ्यातला एक उचलून डोळे पुसले. एका बेपत्ता माणसाची अपुरी धून — लोकांना केवढी आवडली! आणि तिकडे ती पुरी झालीय, गायींना पाठ आहे.

पाहुणे गेल्यावर भाऊजी मंचाच्या पायरीवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला मला ओठ हलवायला सांगायचे नुसते. तरी तिसरा भाग गुणगुणले, जमेल तसा.

भाऊजींनी वर पाहिलं. "हे काय?"

"पुढचा भाग."

"कोणाचा?"

"त्याचाच. तो आहे, भाऊजी. गोठ्यात काम करतो."

सगळं सांगितलं. ते उठले, बसले, पुन्हा उठले. मँडोलिन घेऊन तेवढा भाग वाजवून पाहिला. माझं बेसूर सुधारून घेतलं — वादकच ते! — आणि ढसाढसा रडायला लागले. रडता रडता शिव्या. "हरामखोर! मी नदीकाठी उभा होतो रे! हरामखोर!" मग हसायला लागले. मग माझा हात धरला, "चला वहिनी. आत्ताच्या आत्ता निघू."

"टेबलं आवरायची आहेत."

"वहिनी!"

"चाळीस टेबलं आहेत, भाऊजी. कापडं मोजून द्यायचीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी भीती वाटली. मग बाह्या सरसावून कापडांच्या घड्या घालायला लागले. वेड्यावाकड्या. मी पुन्हा घातल्या सगळ्या.

"हे तुम्हाला कालच माहीत होतं?" मध्येच विचारलं त्यांनी.

"हो."

पुढच्या घड्या त्यांनी माझ्याकडे पाठ करून घातल्या. माझ्या वाट्याचं होतं ते.

सोमवार, १५ सप्टेंबर

आईंना सांगितलं. भाजी निवडत होत्या. विचार केला होता, आधी पाणी देऊ, हळूहळू सांगू. तोंडातून एकदम गेलं, "आई, तो सापडला. जिवंत आहे."

त्यांनी हातातली शेंग मोडली. दुसरी घेतली. तीही मोडली. मग म्हणाल्या, "जेवतो का नीट?"

"डॉक्टर म्हणाले, बरा दिसतो."

"कोणी बाई आहे का तिथे?"

"नाही म्हणाले. गायी आहेत."

"गायी! घरात दूध तापवलं नाही कधी मेल्याने." आणि पदराने तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही. जवळ बसून राहिले. शेंगा संपवल्या.

मग म्हणाल्या, "मला नेशील?"

"भाऊजी नेतील."

"आणि तू?"

मी निवडलेली भाजी आत ठेवून आले. मग त्याच म्हणाल्या, "मी आई आहे त्याची. मला माफ करण्यावाचून गत्यंतर नाही. तुझं तसं नाही. तुझ्यावर कोणाची बळजबरी नाही, हे लक्षात ठेव."

एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझी बाजू घेतली, आणि तीही कशात!

मंगळवार, १६ सप्टेंबर

फोन लावला. वाजायच्या आत ठेवला.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज लावला आणि ठेवला नाही. कोणीतरी बाईमाणूस, बहुधा मालकीण, त्याला हाक मारायला गेली. मागे बादल्यांचा आवाज.

"हॅलो?"

"मी."

तिकडे दार ओढून घेतल्याचा आवाज. मग, "तू... कशी आहेस?"

"महोत्सव झाला. मासे कमी पडले."

काय मूर्खासारखं बोलले! पण तेच आलं तोंडात.

तो म्हणाला, "मी कळवणार होतो. रोज उद्यावर टाकत गेलो. जेवढे दिवस जातील तेवढं अवघड."

"का गेलास?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्या सकाळी दाढी करताना वाटलं, हा जो आरशात आहे त्याचं सगळं करून झालंय. वाटलं होतं, फिरून येईन. बस आली, चढलो. तुझा काही दोष नाही."

"मी दोष विचारलाच नाहीये."

"हो."

"मी दोनदा चादर उचलून पाहिलीय," म्हटलं. "पहिला तुझ्याच उंचीचा होता. पायांकडून दाखवायला सुरुवात केली त्यांनी. चेहऱ्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, माहितेय?"

तिकडे एक गाय हंबरली.

"धून पुरी झाली म्हणे," मी म्हटलं.

"तुला कोणी—"

"चांगली आहे."

मग तो म्हणाला, "येऊ का?" असं विचारलं की जणू बोळातून आत येऊ का विचारतोय.

"सांगते," म्हटलं आणि ठेवला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आई आणि भाऊजी सकाळी गेले. आईंनी डब्यात काय काय भरलंय. भाऊजी दारात म्हणाले, "काही निरोप?" नाही म्हटलं. दिवसभर घरात एकटी. असं कधी झालंच नव्हतं. झोपले दुपारी, चार तास.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आई परत आल्या! मला वाटलं होतं, राहतील.

"राहिला नाहीत?"

"बघितला त्याला. समोर बसून जेवायला घातलं. पाया पडला, रडला. मीही दोन थोबाडीत दिल्या." पायातल्या चपला काढता काढता म्हणाल्या, "राहायला माझं घर आहे की इथे."

शनिवार, २० सप्टेंबर

पोलिसांत जाऊन बेपत्ता असल्याची तक्रार मागे घेतली.

"सापडले?"

"सापडले."

"मग घरी कधी येतायत?"

"येणार नाहीत. येऊ का म्हणून विचारत होते. आज सकाळी नको म्हणून कळवलं."

पोलिसाने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. तेव्हा कळलं, मी रडतेय — मोठ्याने, सगळ्यांदेखत!