गुडघ्यासकट विकलेले शब्द

प्रति,
मा. अध्यक्ष,
बालविज्ञान स्पर्धा समिती,
सहविचार मराठी मंडळ, झाँसी.

विषय : प्रथम पारितोषिक परत घेणे व अनुसूयाकाकूंचे शब्द मंडळाच्या संकेतस्थळावरून काढणेबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनपत्र, दि. २४ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

मला पहिले बक्षीस देण्याआधी माझा प्रकल्प परीक्षकांपैकी एकाला तरी कळला होता का? हा प्रश्न लेखी विचारून दाखव, अशी पैज चारुता आणि तन्वी या मैत्रिणींनी सीपरी बाजारात टिक्की खाताना लावली. विचारला. उत्तरही मीच देते : नाही. आणि मलाही कळला नव्हता.

१. प्रकल्प असा. एजंट म्हणजे एकदा काम सांगितले की इंटरनेटवर हिंडून ते स्वतःच उरकणारा प्रोग्राम. तो एखाद्या सेवेकडे माहिती मागतो. सेवा म्हणते, आधी पैसे. आणि किंमत व आपल्या पाकिटाचा पत्ता कळवते. एजंट मी घालून दिलेली मर्यादा बघतो, माझ्या डिजिटल पाकिटातून डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो-नाणे देण्याची सही करतो आणि तीच मागणी सहीसकट पुन्हा पाठवतो. मधला एक तपासनीस प्रोग्राम सही खरी म्हणतो, की माल हजर. सगळे मिळून दोन सेकंद. ना ओटीपी, ना "देऊ का ताई?" अशी विचारणा. पाकीट आशिषमामाने भरून दिले होते. प्रदर्शनात सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात मी.

२. एजंटला मी काम दिले होते, की झाँसीतल्या जुन्या मराठी घरांतले शब्द शोधून आण. त्याने एका परदेशी सेवेला शब्दामागे एक सेंट मोजून फडताळ, घंगाळ, तस्त असे दोनशे बारा शब्द आणले. बक्षीस मिळाल्यावर मी ते पहिल्यांदा नीट वाचले. (आधी वाचायला हवे होते, मान्य.) एकशे चाळिसाव्या शब्दाखाली लिहिले होते : "बाकीचे उद्या. काकूंचा गुडघा दुखतोय."

ही ओळ माझी आहे महोदय! गेल्या वर्षी शेजारच्या अनुसूयाकाकूंपाशी बसून मी जी वही भरली, तिच्यातली. वही मी मंडळाच्या स्मरणिकेला दिली, मंडळाने ती संकेतस्थळावर चढवली, तिथून त्या सेवेने उचलली, आणि माझ्याच एजंटने ती गुडघ्यासकट विकत घेतली. आपलेच उष्टे कुणी आपल्या ताटात वाढावे आणि वर दाम मागावेत, तशी शिसारी आली.

३. पैसे दोन डॉलर गेले, त्यांचे मला काही नाही. पण काकूंनी शब्द देताना एकच अट घातली होती : "घे बाई, पण विकू नकोस हं. सासूबाईंनी मला फुकट दिलेत." मी हो म्हटले होते.

४. त्या सेवेला माणसांसाठी दारच नाही, म्हणून तक्रारही एजंटकरवी पाठवली. तर तक्रार ऐकून घेण्याचाही दर! आज्ञाधारक एजंटने तोही भरला. उत्तर आले, "आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." तेही दुसऱ्या प्रोग्रामनेच लिहिलेले. गेलेले नाणे परत मागायची सोय नाही, आणि भांडावे म्हटले तर समोर कुणी नाही. छी!

मग मी आपले सचिव श्यामसुंदरजी यांना भेटले. ते म्हणाले, "अरे बेटा, आपले शब्द डॉलरमध्ये खपतात, ये तो गर्व की बात है! लखनऊच्या पुढच्या फेरीत हेच सांग." महोदय, एजंटला लाज नसते हे मी समजू शकते. त्याच्यात ती कुणी घातलेलीच नाही.

सबब विनंती, की बक्षीस परत घ्यावे, लखनऊच्या यादीतून माझे नाव काढावे आणि वही मंडळाच्या संकेतस्थळावरून आजच उतरवावी. त्या सेवेकडून ती आता परत येणार नाही हे मला माहीत आहे. तरीही उतरवा.

आपली, चिडलेली पण नम्र,
ऐश्वर्या विद्याधर लघाटे
इयत्ता अकरावी, नगरा, झाँसी
दि. २ डिसेंबर २०२५

सोबत : चषक, प्रमाणपत्र, विकत घेतलेल्या शब्दांची छापील प्रत.

प्रत माहितीसाठी : आई व बाबा. बाबा, तुमच्या ऑफिसात पेढे वाटून झालेत, ठाऊक आहे. पण मी लखनऊला जाणार नाही. हा अर्ज देऊन मी थेट काकूंकडे जाणार आहे आणि सगळे मीच सांगणार आहे. आई, तू मागोमाग येऊ नकोस.