मागून येणारी गाडी

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही, तेव्हा आधी दोन शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावजयीचा खांदा आता वर जायला लागला आहे, पण बोट दाखवण्यापुरताच, आणि ते बोट माझ्याकडेच असतं. दवाखान्यात माझं तेच चालू आहे. लोकांच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. परवा एक आजोबा मी आवाज सोडायच्या आधीच बटण दाबत होते. विचारलं तर म्हणाले, उगाच तुमचा वेळ कशाला घ्या.

आता मुद्द्याचं. मी परत गाडी घ्यायचं म्हणतो आहे. ऑफिसला जायची नाही, मातीत चालवायची. सत्तेचाळीस वर्षं वय, पोट तुला माहीत आहेच, आणि भावोजी गेले त्या दिवसापासून, म्हणजे एकोणीस वर्षांत, मी हँडलला हात लावलेला नाही. पण मागच्या महिन्यात मिस्त्रीच्या गॅरेजसमोर उभा राहिलो आणि पाय निघेना. हा आपला तोच मिस्त्री, भावोजींची आणि माझी गाडी बघायचा तो. आता त्याला दिसतं कमी, पण हात तसेच चालतात. त्याने दोन वापरलेल्या गाड्या पुढे काढून ठेवल्या, एक टू-स्ट्रोक आणि एक फोर-स्ट्रोक, आणि म्हणाला, दोन रविवार दोन्ही आलटूनपालटून चालव आणि मग बोल.

कुठली घेऊ, सांग. तू मला चालवू नको असं कधी म्हणाली नाहीस. चालव असंही म्हणाली नाहीस. म्हणून विचारतो आहे.

तुझ्या रागालाही माझी ना नाही, फक्त माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. शिव्या घातल्या, दोन नाही, पाच. इथे एका शाळेचे नकाशांचे जुने खंड बांधायला आले आहेत. सगळ्यांचे कणे सुटलेले. दिवसभर शिवणं आणि खळ लावणं, त्यामुळे जेवतानाही हाताला खळीचाच वास येतो. बाकी मी बरी आहे. घर मोठं वाटतं, पण ते काही आजचं नाही.

टू-स्ट्रोक म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. नऊ वर्षं ह्यांचे कपडे मी धुतले आहेत. पेट्रोलमध्ये ऑइल कालवायचं, किक मारून मारून पाय सुजवायचा आणि धुराचा वास घरभर घेऊन यायचं. पण खरं सांगायचं तर हे त्या गाडीवर बसले की वीस वर्षांचे दिसायचे. हलकी होती. पडली तर एका हाताने उभी करायचे.

तुझं तसं नाही. तू फोर-स्ट्रोक घे. बटण दाबलं की सुरू होते आणि उतारावर तीच तुला धरून ठेवते, असं हेच सांगायचे. जड आहे म्हणतात. बरंच आहे, उचलायला जड म्हटल्यावर पडायच्या आधी विचार करशील.

पण एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, आणि चालवणार कुठे ते काही लिहिलं नाहीस.

अंगाला जप. माया आहे, ती कुठे जाते?

तुझी,
ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खाणीवरच चालवतो, भावोजी गेले त्याच उतारावर. तुझ्यापासून लपवून काय करू? त्या बाजूला मातीचा दुसरा रस्ताच नाही.

दोन्ही गाड्या चालवून झाल्या. टू-स्ट्रोक म्हणजे शाळा सुटल्यावरचं पोर, आधी काहीच करत नाही आणि मग एकदम सुटतं. दोनदा पडलो, हसत उठलो. फोर-स्ट्रोक म्हणजे म्हातारा बैल, जिथे न्यायचं तिथे नेतो. उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडीला मागे ओढतं आणि आवाज इतका खाली जातो की चाकाखालचे खडे ऐकू येतात. माझ्यासारख्या परत येणाऱ्याला हीच बरी, असं मिस्त्रीचंही म्हणणं.

पण ताई, मी टू-स्ट्रोक घेणार आहे. का ते फक्त तुला सांगतो.

पहिल्या रविवारी सकाळी फोर-स्ट्रोकवर वरपर्यंत जाऊन आलो. येताना तिसरं वळण ओलांडलं, थ्रॉटल सोडला, आणि मागून टू-स्ट्रोकचा आवाज आला. बारीक, किरकिरा, तीसेक पावलांवर. वाटलं, कुणीतरी येतंय. वाट द्यायला कडेला थांबलो तर तोही थांबला. मी निघालो की निघाला. खाली डांबरी रस्त्यापर्यंत आला. मागे कुणी नव्हतं. धूळही नव्हती. दुसऱ्या रविवारीही तसंच. टू-स्ट्रोकवर मात्र काही ऐकू येत नाही, कारण तिचाच आवाज डोक्यात भरून राहतो.

सोमवारी दवाखान्यात सोबतच्या बाईंकडून माझे कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम.

आता जे एकोणीस वर्षं बोललो नाही ते लिहितो. त्या दिवशी मी फोर-स्ट्रोकवर पुढे होतो, भावोजी मागे. उतारावर मान वळवली की गाडीही वळते, म्हणून आमचं ठरलेलं होतं की मागच्याचा आवाज येतोय तोवर मागे बघायचं नाही. आणि आवाज येत होता. खाली पुलापर्यंत, पंधरा मिनिटं, तो माझ्या मागे होता. मी इंजिन बंद केलं, तेही बंद झालं. हाक मारली. कुणी बोललं नाही. मग वर गेलो. ते तिसऱ्या वळणाखाली दगडांत होते आणि त्यांच्या गाडीचं इंजिन गार होतं. मी सगळ्यांना सांगितलं की माझी चेन उतरली होती, तिच्यातच गुंतलो, म्हणून उशीर झाला. चेन उतरली नव्हती, ताई. मी आवाज ऐकत होतो.

एवढं वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटलं, तर दोन ओळी लिही.

तुझा,
धाकटा

दि. ५ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे, कारण सांगितलं तर तो हसेल, आणि सध्या त्याचं हसणं मला आवडत नाही.

त्याने टू-स्ट्रोक घ्यायचं नक्की केलंय. घेऊ दे. पण परवा मिस्त्रीने ती उघडून ठेवली होती, म्हणून रविवारी फोर-स्ट्रोकच घेऊन गेला. आमच्या गच्चीवरून उताराचा खालचा भाग दिसतो. मी कपडे वाळत घालत होते. दोन गाड्यांचे आवाज आले, एक जाड आणि एक बारीक. म्हटलं, बरं झालं, सोबत मिळाली. तो खाली दिसला. त्याच्या मागे मी दुसऱ्याची वाट बघत राहिले. आवाज अगदी खालपर्यंत आला, पण धूळ एकाच गाडीची होती.

घरी आल्यावर विचारलं, कोण होतं सोबत. तो हातातले मोजे उलटे करत म्हणाला की कुणी नव्हतं. मी पुढे विचारलं नाही. ताई, तुमच्याइतकं त्याला कुणी ओळखत नाही. काय करायचं ते मला कळवा.

तुमच्या आधारावर आहे, हात पाठीवर असू द्या.

तुमची,
भावजय

दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोन आठवडे खणात ठेवलं होतं. मग दुसरं एक पत्र आलं, कुणाचं ते विचारू नकोस, आणि लिहायला बसले.

तू एक गोष्ट लपवलीस, मी दोन लपवल्या.

पहिली. त्या दिवशी अकराच्या सुमारास ह्यांची गाडी अंगणात आली. मी स्वयंपाकघरात होते. इंजिन बंद झालं, स्टँड पडल्याचा आवाज आला. मी आतूनच ओरडले की चिखलाचे बूट बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसली आहे. उत्तर आलं नाही म्हणून हात पुसत बाहेर गेले. अंगणात कुणी नव्हतं. वास मात्र होता, जळक्या ऑइलचा. तू दोन वाजता आलास. तुझं तोंड बघायच्या आधीच मला कळलं होतं, म्हणून मी रडले नाही. लोक मला दगड म्हणाले.

दुसरी सांगायला जड जाते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मान मोडली होती, पडताक्षणीच संपलं. तुमचा भाऊ लगेच वळला असता तरी काही फरक पडला नसता, हे त्यांचे शब्द. हे तुला सांगा असंही ते म्हणाले होते. मी सांगितलं नाही. तू जिवंत परत आलास याचा मला राग होता. आधी म्हटलं, महिनाभर असू दे याच्या मनाला टोचणी. मग वर्ष झालं. मग सांगायचं म्हणजे आजवर का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. असं करत एकोणीस वर्षं गेली. तू गाडी सोडलीस, हसायचं कमी केलंस, ते मी बघत होते आणि गप्प होते.

टू-स्ट्रोक आवडली असेल तर खुशाल घे. पण आवाज बुडवायला घेऊ नकोस. आवाज काही कुठे जात नाही, आपल्यालाच ऐकू येईनासा होतो. एकदा त्या जड गाडीवर जा. मागून आला की वळ आणि सामोरा जा. मला तेव्हा अंगणात उभं राहता आलं नाही, मी आत पळाले आणि दार लावून घेतलं. तू पळू नकोस.

मला क्षमा करायची की नाही ते तुझं तू बघ. माझा जीव मात्र तुझ्यावर आहेच.

तुझी,
ताई

दि. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला. खोटं कशाला लिहू? पहिले तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही, आणि दवाखान्यात एका बाईंचा उजवा कान दोनदा तपासला. एकोणीस वर्षं थोडी नसतात, ताई. चौथ्या दिवशी तुझी आठवण यायला लागली, त्या रिकाम्या अंगणात हात पुसत उभी असलेली. मग राग टिकेना.

रविवारी सकाळी नऊला फोर-स्ट्रोक काढली. खाणीपर्यंत गेलो, इंजिन जरा गार होऊ दिलं आणि उतरायला लागलो. तिसरं वळण गेलं. थ्रॉटल सोडला. तो आला.

मी ब्रेक लावला. त्या रस्त्यावर गाडी वळवणं म्हणजे कसरतच, चार वेळा पुढेमागे करावं लागलं. तोंड चढाकडे केलं आणि इंजिन बंद केलं. नेहमी मी थांबलो की तोही थांबायचा. या वेळी थांबला नाही. येत राहिला. वळणावर आवाज फिरला, मोठा झाला, आणि माझ्यापासून दहा पावलांवर येऊन जागच्या जागी चालू राहिला, क्लच दाबून कुणी वाट बघावी तसा. समोर नुसता रस्ता आणि ऊन. वास आला. मी गाडी टेकवून धरली. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. तोंडातून एवढंच गेलं:

"भावोजी, मी थांबलोय. तुम्ही व्हा पुढे."

आवाज तसाच राहिला. मग एकदा चढला. वाटलं, अंगावर येतो. डोळे मिटले. माझ्या उजव्या बाहीला वारा लागला आणि मागे दोन खडे घरंगळले. पण ताई, तो खाली गेला नाही. माझ्या पाठीमागे वळला असावा, कारण पुन्हा बाजूने गेला, आणि वर निघाला. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. खाणीच्या पलीकडे, जिथे आम्ही दोघे कधी गेलो नव्हतो, तिथवर मी तो ऐकला. मागच्याची काळजी करत चालवणाऱ्याची गाडी वेगळी वाजते, आणि कुणाचीच वाट न बघता चालवणाऱ्याची वेगळी. हे चालवणाऱ्यालाच कळतं. ते मजेत चालले होते.

मग मी रस्त्यात बसलो आणि खूप वेळ बसून राहिलो.

फोर-स्ट्रोक घेतली. मिस्त्री म्हणाला, शहाणा झालास. उतारावर आता खडे ऐकू येतात आणि माझा श्वास. खरं सांगू का, शांततेचीही भीती वाटते. सवय होईल.

तुझ्यावर रागावून झालं आहे, आता पुन्हा पहिल्यासारखी हक्काने रागाव.

तुझा,
धाकटा

दि. ४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र सकाळी आलं. एकदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्याने. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी वाचलं.

नकाशांचे खंड शाळेला पोचते केले. आता हाताशी आठ दिवस काम नाही. शनिवारी येते. भावजयीला सांग की माझ्यासाठी गादी घालू नको, मला कडक जमीन लागते, आणि तुझ्या पोटाबद्दल आम्ही दोघी तुझ्यासमोरच बोलणार आहोत.

रविवारी मला तिसऱ्या वळणापर्यंत ने. गाडीवर नको, पायी. ती जागा मी कधी बघितलीच नाही, तुम्ही सगळे ह्यांना खाली घेऊन आलात तेच बघितलं. माझे गुडघे चढाला कुरकुर करतात, दर शंभर पावलांवर थांबावं लागेल. तू पुढे चाल. मी मागून येते. आणि अधूनमधून मागे वळून बघत जा, मला हाक मारत जा. मी ओ देईन.

ओ आली नाही तर लगेच फिर.

भेटीपर्यंत सगळी माया तशीच बांधून ठेवली आहे.

तुझी,
ताई