एकशे अकरा मुंगवड्या

वर्धा, १८ जानेवारी १९७९

ती. आजीस,
लीनाचा शि. सा. नमस्कार.

तुझा चिवडा वसतिगृहात दोन दिवसांत संपला. बातमी अशी की कॉलेजच्या गणित मंडळात दोन तारखेला मी बोलणार आहे. विषय माझाच. नुसते एक लिहीत जायचे: ११, १११, ११११. जितके एक, त्यांचे सारखे गट पडले की तो आकडाही दुसऱ्या आकड्याने भागला जातो. सतराचे सारखे गट पडत नाहीत. म्हणून १११११११११११११११११ हाही कशानेच तुटत नाही, असं मी सांगणार.

बाबा ऐकायला येणार आहेत. एक वर्ष शिकली तेवढं पुरे, भाषण ऐकून ठरवतो, पेटी घरी आणायची का ते, असं त्यांनी कळवलंय.

तुझी लाडकी,
लीना


अल्लीपूर, २३ जानेवारी १९७९

चि. लीनास,
आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सारे बरे, गाय तेवढी रुसली आहे.

तुझे सतरा एक मी भिंतीवर चुन्यानं लिहिले. शेजारची सुलोचना विचारे, हे कुंपण कोणाचं काढलं? म्या म्हटलं, नातीचं. साऱ्या गावात कोणाची नात एवढं लांब कुंपण घालते, सांग!

आता रागावू नको. एवढ्या मोठ्याले मी काय हात लावू? लहान घेतला. मुंगवड्या टाकून राह्यली होती, म्हटलं यायच्यावरच पाहू. दोन एक म्हणजे अकरा. अकरा वड्या काई केल्या सारख्या ओळीत बसेनात. खरं तुझं. मग तीन एक. तीनचेही सारखे गट पडत नाईत ना? मग एकशे अकरा वड्याही बसू नये. पण बाजेवर तीन ओळी झाल्या, सदतीस-सदतीसच्या, उरली एकही नाई. कावळ्यानं एखादी नेली असंन म्हणून पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

मी दुसरी नापास बाई, माझंच चुकलं असंन. पण बापासमोर उभी राहाच्या आधी पाहून घेजो.

वेळेवर जेवत जाजो. माया आहेच, ती धरून ठेवजो.
तुझी आजी,
मनकर्णाबाई


वर्धा, २७ जानेवारी १९७९

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी जेवलेच नाही. लहान म्हणून तीन एक मी तपासलेच नव्हते! मग पाच एक घेतले, तेही तुटले: ४१ गुणिले २७१. गणिताच्या सरांकडे धावले. त्यांनी एक जाड पुस्तक उघडून दाखवलं. माझे सतरा एकही तुटतात. एक तुकडा २०७१७२३, दुसरा ५३६३२२२३५७. विश्वास बसेना म्हणून हाताने गुणले. सतराच्या सतरा एक खाली उतरले, एकही वाकडा नाही. रडू आलं आणि हसूही.

सर म्हणाले, नाव मागे घ्यायचं तर घे. पण बाबा येणारच. मी उभी राहीन. काय बोलीन ते ठाऊक नाही. आशीर्वाद दे.

तुझी,
लीना


अल्लीपूर, ४ फेब्रुवारी १९७९

चि. लीनास,
आजीचे मूठमूठ आशीर्वाद.

काल तुझा बाप आला. मी म्हटलं, श्रीधर, पोरीची फजिती झाली का? तर म्हणे, ती उभी राह्यली आन पहिलं हेच बोलली, की मी चुकले, आन चूक माझ्या आजीनं मुंगवड्यांवर पकडली. सारे हसले, म्हणे. मग तू ते दोन तुकडे फळ्यावर गुणून दाखवले. आन सरांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं!

बाई, माझं नाव फळ्यावर एकदाच होतं, दुसरीत. गैरहजर म्हणून. मग मी शाळेत गेलीच नाई.

श्रीधरनं डब्यातल्या वड्या बाजेवर ओतल्या, आपल्या हातानं तीन ओळी लावल्या. पाहत बसला. मग एक उचलून कच्चीच तोंडात टाकली आन म्हणे, लिही तिले, पेटी तिथंच राहू दे.

म्हणून लिहून राह्यली. आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी,
मनकर्णाबाई

ता. क. आता एकशे दहाच उरल्या. त्याच्या सारख्या ओळी किती परीनं होतात ते मले माहीत आहे. तू शोध.