शालिकच्या घरचा मलिदा

५ नोव्हेंबर १९७८, रविवार
आजपासून रोजनिशी. रोज एक पान. खंड पडणार नाही.
आई भाऊबीजेला दिघोरीला मामाकडे गेली ती अजून आली नाही. भांडण माझ्या मशीनवरून. टायफॉईडनंतर मला कमी ऐकू येतं, असं डॉक्टरचं म्हणणं. माझं म्हणणं, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. मामाने नागपूरहून कानाचं मशीन आणून दिलं. आई म्हणते, लाव. बाबा म्हणतात, छातीवर डबा बांधून दुकानात बसला तर गिऱ्हाईक हसेल. मी दोघांचंही मन राखलं. मशीन ट्रंकेत ठेवलं.
आई दोन-चार दिवसांत येईल.

९ नोव्हेंबर, गुरुवार
मधली पानं राहिली. दहावीचा अभ्यास होता. केला नाही, पण होता.
वर्गात नवा मुलगा आला. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कामावर पेणकर नावाचे नवे ओव्हरसियर आलेत, त्यांचा मुलगा. नाव शालिकराम. माझ्या बाकावर बसला, कारण माझ्या बाकावर नेहमी जागा असते. बोलताना तोंड थेट माझ्याकडे करतो आणि एकेक शब्द सावकाश सोडतो. कोकणातली माणसं जरा मंद असावीत. सांभाळून घेईन.

१५ नोव्हेंबर, बुधवार
त्याचं नाव शालिकराम नाही. शालोम. त्याने वहीवर लिहून दाखवलं. म्हटलं, इतके दिवस सांगितलं का नाहीस? म्हणाला, रोज सांगत होतो. असो. मी शालिकच म्हणणार. त्याची हरकत नाही.
जात विचारली. यहुदी म्हणाला. हे आमच्याकडे नसतं. मग त्याने नीट सांगितलं. त्यांचे पूर्वज कोकणात घाणीवर तेल काढायचे आणि शनिवारी घाणी बंद ठेवायचे, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. म्हणजे तेलीच की! सरळ सांगायचं सोडून इस्रायलपर्यंत कशाला जायचं? आमच्यात इतक्या पोटजाती, त्यात ही एक.
रात्री बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब तेली हाय? मंग जवसाचं तेल आपल्याच दुकानातून न्याले सांग."
बाबांना नात्याची ओढ आहे. दाखवत नाहीत इतकंच.

२९ नोव्हेंबर, बुधवार
शालिकचं अक्षर वाईट आहे. सराव हवा. म्हणून मास्तर शिकवतात ते सगळं तो रफ वहीत भराभर लिहितो आणि वही माझ्याकडे सरकवतो. मीच परवानगी दिली. त्याची आजीही, म्हणजे आईची आई, बहिरी आहे, घरी तिच्यासाठीही मोठ्या अक्षरांत लिहितो म्हणे. आजीचं ठीक आहे, म्हातारी माणसं.
संध्याकाळी दोघे तलावाच्या पाळीवर बसतो. त्याच्या घरी आईवडील एकमेकांशी बोलत नाहीत. आईचा भाऊ इस्रायलमध्ये आहे. तिला तिकडे जायचं आहे, सगळ्यांना घेऊन. साहेब म्हणतात, माझे आईबाप पेणच्या मातीत आहेत, मी कुठे जात नाही. घरात एक जण हो म्हणतो, एक नाही, आणि मधे शालिक निरोप पोचवतो. मी म्हटलं, आमच्याकडे निरोपही नाहीत, तुमचं बरं आहे.
शालिक गेला तर माझ्या बाकावर पुन्हा जागा होईल. विशेष काही नाही, पण नको. तो जाणार नाही. मी बघतो.

९ डिसेंबर, शनिवार
जातभाई म्हणून मीही शनिवार पाळायचं ठरवलं. सकाळी बाबांना सांगितलं, आज घाणी बंद. बाबा काहीतरी म्हणाले. मी हो म्हटलं. ऐकू आलं नाही की आपण हो म्हणतो, समोरच्याला बरं वाटतं. नंतर कळलं, बैल लंगडतो आहे आणि आज घाणी तू ओढतोस का, असं त्यांनी विचारलं होतं. दुपारपर्यंत ओढली.
पुढच्या शनिवारपासून नक्की.
आईचा निरोप नाही. थंडीत एसटीचा प्रवास बरा नाही, म्हणून थांबली असेल.

१८ जानेवारी १९७९, गुरुवार
मोठा दिवस. शालिकच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं म्हणून त्यांच्याकडे नवस फेडला. त्याला ते मलिदा म्हणतात. भिजवलेले पोहे, त्यात खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-मनुका. बाजूला केळी, खजूर आणि आणखी फळं. नागपूरहून रेल्वेत नोकरी करणारे पाहुणे आले होते. डोक्यावर टोप्या घालून एलियाहू नावाच्या त्यांच्या संदेष्ट्याचं गाणं म्हणाले. गाणं मला फारसं ऐकू आलं नाही, पण सगळ्यांचे ओठ एकदम हलत होते, ते बघायला छान वाटलं.
त्यांच्या पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊच आले. मी पुढे होऊन म्हटलं, मी आहे ना दहावा, शनवार नसलो तरी तेलीच आहे. पेणकर साहेब हसले आणि माझ्या डोक्यावर एक टोपी ठेवली. मग थोडी प्रार्थना वगळली, असं शालिक नंतर म्हणाला. माझ्यामुळे काम लवकर झालं.
सर्वांच्या पंगतीत बसून मलिदा खाल्ला. दोनदा. आजीने माझा हात हातात घेतला. ती मला काही म्हणाली नाही, मीही तिला काही म्हणालो नाही, आणि दोघांनाही सगळं कळलं.

१९ जानेवारी, शुक्रवार
बाबांनी पेणकर साहेबांना आता जेवायला बोलवावं. सोयरीक-संबंध असले म्हणजे माणूस गाव सोडून जात नाही. म्हणून आज दुकानात मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, साहेबांच्या घरी काल मलिदा होता, नागपूरचे लोक आले होते, सगळ्यांनी खाल्ला, मलाही दिला. माझा आवाज जरा मोठा असतो. दुकान भरलेलं होतं.
ताराचंद ठेकेदार तेल घ्यायला आला होता. माझ्यावर फार खूश. नहरावरची त्याची एक मोरी साहेबांनी फोडायला लावून परत बांधून घेतली होती, तरी मनात काही नाही. मला पेढा दिला. मिशीखालून पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होता. मी हो हो म्हटलं. बाबा कपाळाला हात लावून बसले. त्यांचं डोकं दुखत असावं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांविरुद्ध तक्रार गेली. नहराच्या कामात पैसे खाल्ले म्हणून. नागपूरहून चौकशी येणार. साहेबांना तोवर घरी बसवलं आहे.
शालिक आज वर्गात काही लिहीत नव्हता. मीच त्याला माझी वही दाखवली. तिच्यात काही नव्हतं.
त्याला शब्द दिला. ही चुगली कोणी केली ते मी शोधून काढीन. आठ दिवसांत.

७ फेब्रुवारी, बुधवार
शोध चालू. पहिला संशय हिरालाल मास्तरांवर. त्यांना शालिकचं अक्षर आवडत नाही. दुसरा संशय साहेबांच्या ऑफिसातल्या डोमा शिपायावर. तो कायम दाराशी उभा असतो. ज्याला सगळं ऐकू येतं त्याच्यावर संशय घेणं योग्य.

१४ फेब्रुवारी, बुधवार
डोमाने स्वतःहूनच सांगितलं. तक्रारीत लिहिलं आहे की साहेबाने घरी नागपूरच्या लोकांना बसवून मलिदा खाल्ला. डोमा माझ्यासमोर वाकून, खूप मोठ्याने बोलला. "मलिदा म्हणजे काय ते सरकारले मालूम हाय, पोट्ट्या. थे काय पोहे समजन?"
मी म्हटलं, पण ते पोहेच होते. तो म्हणाला, तक्रारीत लिहिलं आहे, हे तेलाच्या दुकानात ऐकलं.
आमच्या मोहाडीत तेलाची दुकानं तीन आहेत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
चार म्हणायला हवीत. बाजाराच्या दिवशी आंधळगावचा एक जण डबे घेऊन बसतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
जेवलो नाही. पोट बिघडलं असावं. अंगात काहीच नाही असं वाटतं, ताप नाही, दुखत नाही, काही नाही. घाणीजवळ दोघे बसलो. बैल फिरत होता. बाबा एकदाच बोलले, आणि मुद्दाम माझ्याकडे तोंड करून बोलले. "आपल्याले जे आयकू येते थे समद्याइले सांगू नये बाबू. अन् जे आयकू येत नाही, थे तर बिल्कुल नाही."
सामान्य उपदेश. कोणाबद्दल होता कळलं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार
चौकशीचे साहेब आले. रेस्ट हाउसवर उतरलेत. ठरवलं आहे की उद्या जाऊन सांगायचं, मलिदा म्हणजे देवाचा प्रसाद, मी स्वतः खाल्ला, दोनदा. साक्षीदार म्हणून माझ्याइतका चांगला कोणी नाही. मशीन लावून जाईन. बोलणं तयार आहे.

२१ फेब्रुवारी, बुधवार
मशीन ट्रंकेतून काढलं. सेल संपलेला. गेलो नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
सेल मोहाडीत मिळत नाही. सर्दीही आहे. रेस्ट हाउसच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. आत माणसं बोलत होती. त्यांचे हात दिसत होते.
उद्या पहाटे नक्की.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
चौकशीचे साहेब काल संध्याकाळीच गेले.

४ मार्च, रविवार
चौकशीत काही सापडलं नाही. साहेब पुन्हा कामावर. म्हणजे सगळं ठीक झालं. माझं न जाणंच योग्य ठरलं, उगाच गुंता वाढला असता.
पण बाजारात पोरं त्यांच्या मागे "मलिदा साहेब" म्हणत फिरतात. हे शालिकने सांगितलं, मला ऐकू आलं नसतं. आजी आता प्रसादाचं नाव काढू देत नाही. साहेब काल घरी बायकोशी बोलले. खूप दिवसांनी. एवढंच म्हणाले, "तुझ्या भावाला कळव, आम्ही येतो."
शालिक म्हणाला, आई रडली. जिंकली तरी रडली. मी हो म्हटलं. हे मला नीट ऐकू आलं होतं, तरी हो म्हटलं.

२९ मार्च, गुरुवार
परीक्षा झाली. पेपर सोपे असावेत, सगळे तसं म्हणतात.
आई आली. मामा सोडून गेला. ती आणि बाबा एकाच घरात आहेत. आईने विचारलं, तुझा तो मित्र कुठे? म्हटलं, सामान बांधतो आहे. आई माझ्याकडे बघत राहिली. मी बैलाला पाणी दाखवायला गेलो. त्याला तहान नव्हती.
चुगली कोणी केली याचा शोध तूर्त बंद. परीक्षेमुळे वेळ गेला.

९ एप्रिल, सोमवार
शालिक गेला. आधी मुंबई, मग तिकडे.
स्टँडवर गेलो होतो. पेणकर साहेबांनी माझ्याशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. आजीला दोघांनी धरून बसमध्ये चढवलं. तिने खिडकीतून माझ्या गालाला हात लावला. गाडी सुरू झाली, इंजिन थरथरायला लागलं, तेवढ्यात शालिक खिडकीत आला आणि काहीतरी बोलला. पहिल्यांदाच तो माझ्याकडे न बघता बोलला. खाली, खिडकीच्या गजाकडे बघत. ओठ दिसले नाहीत. मग एकदम वर बघून थांबला.
मी हसलो. जोरात मान हलवली. हो, हो. दोन्ही हात वर करून हो.
त्याने खिडकीची काच लावली. बस तुमसर रोडच्या वळणाला गेली. मी धूळ बसेपर्यंत हात हलवत होतो. मन हलकं वाटलं. शेवट चांगला झाला.
स्टँडवर बस लागते तिथेच गुलाबची चहाची टपरी आहे. तो माझ्याकडे विचित्र बघत होता. चहा घ्यायला गेलो तर त्याने कप माझ्या हातात दिला नाही, फळीवर ठेवला. म्हटलं, काय झालं? तो वाकून माझ्या तोंडासमोर आला आणि म्हणाला, "त्या पोट्ट्यानं तुले इचारलं, मलिद्याचं तूच सांगितलं होतंस का रे, भोजराज? अन् तू काहून हासत होता बे?"
चहा तिथेच राहिला. घरी आलो. आईने काही विचारलं असेल.
मला वाटलं, तो विचारतो आहे, पत्र लिहिशील का.