हिप्पीचा टोप

कारधा, मंगळवार, दिवेलागण

नारदाची शेंडी, राजाच्या मिशा, राक्षसाच्या जटा, म्हातारीचा पांढरा टोप. सगळं कोणाकडे न शिकता या हातांनी केलं. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात पहिल्या रांगेतल्यालाही केस खोटे वाटले नाहीत.

आज नाटक मंडळीचा मालक आला. "भाऊ, एक हिप्पी पाहिजे. गांजा ओढणारा, येडपट. तुमच्या विनोदच्या केसांसारखा टोप करा, पब्लिक लोटपोट होते."

"माह्या पोराचेच केस काहून?"

"अख्खा गाव त्याले हिप्पी म्हणते. नाव तर तुम्हीच ठेवलं ना!"

खरं आहे. पुण्याची नोकरी सोडून विनोद आंबागडला धानाचं जुनं बियाणं जपायला गेला, तेव्हा चहाच्या टपरीवर रागानं मीच बोललो. हिप्पी म्हणजे पैसा, रीत मुद्दाम नाकारून आपल्या मनानं जगणारा. अर्थ चुकला नव्हता. पण मी तो शब्द शिवीसारखा फेकला. गांजा मागाहून गावानं जोडला. पोरगा चहासुद्धा पीत नाही. केस रोज धुतो.

दोन वर्षं झाली, घरी आला नाही. बापानंच टोप केला हे कळलं तर कधी येईल? आणि बोलावू तरी कोणत्या तोंडानं? गावभर गेलेला शब्द परत कसा घेतात?

मालकाला मळक्या जटाच हव्या होत्या. विनोदचे केस धुतलेले असतात, हे मी तीनदा सांगितलं. तो हसला.

यंदा दुसरं काम हाती नाही. तरी नाही म्हटलं. एका टोपाचे तो आठ हजार देत होता.